तीन उगमांची वाट : बेळगाव-खानापूर-चंदगड पट्ट्यातल्या चालायच्या वाटा (माहिती हवी, माहिती द्या)

शिवारवाट

नमस्कार मंडळी. आपल्या भागातले गड किती, धबधबे किती ह्याची यादी कुठेही मिळते, पण ह्या गावातनं त्या गावाला चालत कसं जायचं हे लिहिलेलं कुठंच सापडत नाही, म्हणून हा धागा काढतोय. गाडी लावून वर जाऊन फोटो काढून परत, ते नको. मला पाणंदी, बांधावरच्या वाटा, खिंडी, धनगरवाड्यावरनं जाणाऱ्या वाटा हव्यात, ज्यावरनं आपली आजी-पणजी बाजाराला, माहेराला, यात्रेला जायची. ह्या वाटा आता झपाट्यानं बुजायलेत. घरोघरी टू-व्हीलर आली, डांबरी झाली, आणि जी वाट दोन पावसाळे कुणी चालत नाही तिच्यावर रानमोडी आणि घाणेरी अशी माजते की तिसऱ्या वर्षी तोंडच सापडत नाही. ज्यांना त्या माहीत आहेत ती माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांना आत्ता विचारलं नाही तर मग विचारायला कोण राहणार?

माझ्या डोक्यात एक मोठी वाट आहे. आपल्या पश्चिम पट्ट्यात तीन नद्यांचे उगम जवळजवळ आहेत: मार्कंडेयचा बैलूरजवळ, मलप्रभेचा कणकुंबीला, म्हादईचा देगावला. मार्कंडेय उत्तरेला राकसकोपकडे वळते, पुढं गोकाककडं जाऊन घटप्रभेला मिळते. मलप्रभा पूर्वेला, सौंदत्तीच्या नवीलतीर्थ धरणावरनं कूडलसंगमला कृष्णेत. आणि म्हादई त्यांच्या शेजारीच उगवून पश्चिमेला गोव्यात उतरते, तिकडं तिलाच मांडवी म्हणतात. म्हणजे कणकुंबी-आमगावच्या माथ्यावर पडलेला पाऊस थोडा बंगालच्या उपसागराला जातो, थोडा अरबी समुद्राला. ह्या तिन्ही उगमांना जोडणारी एक चालायची वाट असावी असं मला फार दिवस वाटतंय.

अंदाजे आखणी अशी: देवरवाडीतनं वैजनाथ, वर महिपाळगड, खाली उतरून शिनोळीवरनं तुडये, तुडयेतनं राकसकोप जलाशयाच्या कडेनं, मग मार्कंडेयच्या उलट दिशेनं बेळवट्टी-बैलूर, बैलूरवरनं जांबोटी, हब्बनहट्टीचा मारुती, आणि कणकुंबी. तीन-चार दिवसांची चाल. देगाव भीमगड अभयारण्यात येतं, त्यामुळं शेवटचा टप्पा परवानगीशिवाय नाहीच, त्याबद्दल जाणकारांनी लिहावं. ह्यातले काही टप्पे मी सुटे सुटे चाललोय, सलग जोड अजून पूर्ण नाही. बेळवट्टी ते बैलूर आणि बैलूर ते जांबोटी हे दोन तुकडे डांबरीशिवाय कसे जोडायचे हे मला मुख्यतः हवंय.

ज्यांना एवढं चालायचं नाही त्यांच्यासाठी जवळची एक वाट आधी सांगून ठेवतो. वडगावातनं येळ्ळूर, येळ्ळूरच्या शिवारातनं राजहंसगड, आणि उतरताना आल्या वाटेनं न येता देसूरच्या अंगाला. गडावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा झाल्यापासनं रविवारी गर्दी असते, म्हणून पहाटे निघावं. येळ्ळूरचं भातशिवार हीच ह्या वाटेची खरी मजा. ऑक्टोबरच्या शेवटाला भात पिवळं पडलेलं असतं, बांध जेमतेम वीतभर रुंद, त्यात खेकड्यांची बिळं, पाय टाकताना बांधाची कड नाही तर मधला भाग धरायचा, कड सुटून खाली येते आणि शेतकऱ्याचं पाणी दुसऱ्याच्या शेतात जातं. बांधावर समोरनं डोक्यावर भारा घेतलेली बाई आली तर आपण आधीच थांबून जागा द्यायची. देसूरला रेल्वे स्टेशन आहे पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वेळ बघून ठेवा.

लिहा आता. मराठी, मालवणी, कोकणी, मोडकंतोडकं कसंही चालेल.

चंदगडी_काजू

फार बरं केलात धागा काढून. मी तुडये भागातला, म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात, रताळ्यांची पोती घेऊन बैलगाडीनं आणि डोक्यावरनं बेळगावच्या बाजाराला जायची. लाल मातीतली रताळी, सगळा पट्टाच रताळ्याचा, आमचा, राकसकोपचा, बेळगुंदी-बिजगर्णीचा. राज्य वेगळं, तालुका वेगळा, पण बाजार बेळगावचाच. आजही दवाखाना बेळगाव, कॉलेज बेळगाव, लग्नाचा बस्ता बेळगाव.

तुडये ते राकसकोप सरळ आहे, चुकायचं कारण नाही. पण धरणाच्या भिंतीकडं आणि पंपहाऊसकडं जाऊ नका, ते शहराच्या पाणीपुरवठ्याचं आहे, वॉचमन हटकतो आणि बरोबरच करतो. पातळी (समुद्रसपाटीपासनं) २४७५ फुटाला आली की धरण भरलं म्हणतात, तेव्हा काठावरच्या वाटा पाण्याखाली असतात. म्हणून जलाशयाच्या कडेनं चालायचं तर जानेवारीनंतर, तोवर पाणी मागं सरकलेलं असतं आणि कडेनं टणक गाळ मिळतो.

महिपाळगडाबद्दल: वर गाव आहे, माणसं राहतात, गाडीरस्ता पण आहे. चालणाऱ्यांनी देवरवाडीतनं वैजनाथाच्या देवळावरनं चढावं. वैजनाथ आणि आरोग्य भवानी अशी देवस्थानं. श्रावणातल्या सोमवारी दोन्ही राज्यांतली माणसं अनवाणी चढत असतात, तेव्हा वाट विचारायची गरजच नाही, माणसांच्या मागनं जायचं. वर गेल्यावर कुणाच्या तरी घरी पाणी मागा, नाही म्हणणार नाहीत.

आणि एक, हत्ती. दांडेलीकडनं आलेले हत्ती आता आमच्या तालुक्यात आणि तिलारी-दोडामार्गकडं रुळलेत. ऊस, केळी, नाचणा, फणस, त्यांना सगळं चालतं. गव्यांचं तर विचारूच नका. संध्याकाळी पाचनंतर जंगलाच्या कडेची वाट सोडून गाव गाठायचं, हा आमच्याकडं नियमच आहे. गावात शिरल्यावर पहिल्यांदा विचारायचं "मामा, हत्ती कुठं हाय आज?" रोज सकाळी सगळ्या गावाला माहीत असतं.

खानापूरचा_पाऊस

मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातला, तर सगळ्यात आधी पावसाबद्दल. कणकुंबी, आमगाव, जामगाव ह्या भागातला पाऊस बेळगाव शहरातल्या पावसासारखा समजू नका. जून ते सप्टेंबर इथं ओढा ओलांडणं म्हणजे जीवाशी खेळ. सकाळी घोट्याइतकं पाणी असतं आणि वरच्या डोंगरात झड बसली की तासाभरात कमरेएवढं. खानापूर-हेम्माडगा रस्त्यावर मणतुर्ग्याजवळ हालात्री नाल्याचा पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, रस्ता बंद होतो, पलीकडची गावं अडकतात. गाडीरस्त्याची ही तऱ्हा, मग पायवाटेचं काय सांगू. हब्बनहट्टीचा मारुती नदीच्या पात्रातच आहे, पावसाळ्यात देऊळ पाण्यात असतं. म्हणून तुमची तीन उगमांची वाट नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासनं ऊन आणि वणवे.

आता भीमगड. २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटरच्या आसपास. देगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली, कृष्णापूर, तळेवाडी, आमगाव ही आमची मराठी-कोकणी बोलणारी गावं त्यातच. गावात पाहुणा म्हणून जाणं वेगळं आणि ट्रेकर म्हणून सॅक लावून जाणं वेगळं. कर्नाटकात २०२४ पासनं ट्रेकिंगचं बुकिंग 'अरण्य विहार' ह्या सरकारी पोर्टलवरनं चालतं, तिथं आधी बघा, आणि नसेल तर खानापूरच्या फॉरेस्ट ऑफिसला जाऊन लेखी विचारा. चेकपोस्टवर "आम्ही फक्त पुढच्या गावापर्यंत" असं सांगून घुसायचं नाही. त्याचा त्रास गाववाल्यांना होतो. नंतर आमच्या पाहुण्यांनाही तेच प्रश्न विचारतात. बारापेडे गुहा तर विसराच. तिथं रॉटनचं वटवाघूळ आहे, जगात मोजक्या ठिकाणी सापडणारं, माणसाच्या टॉर्चनं आणि आवाजानं त्याचं नुकसान होतं.

माझं स्पष्ट मत, मोठी वाट कणकुंबीला संपवा. मलप्रभेचा उगम, माउलीचं देऊळ, रामेश्वर, सगळं तिथंच आहे. देगावला परवानगी मिळाली तर वेगळं जाऊ.

नंदगडची_लेक

सगळ्यांनी पश्चिमेचंच धरलंय, पूर्वेकडचं पण सांगते. नंदगड ते हलशी ही माझ्या माहेरची वाट, दोनेक तासांची चाल, लहान मुलं आणि सासूबाई सुद्धा येऊ शकतील अशी. नंदगडात संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे, २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी त्यांना इथंच फाशी दिलं. समाधीवरच्या वडाला लोक अजून पाळणे बांधतात. सकाळी तिथनं सुरुवात करायची.

हलशी म्हणजे कदंबांची जुनी राजधानी, पलाशिका. पाचव्या शतकातले ताम्रपट इथं सापडलेत. भूवराह नरसिंहाचं देऊळ बघताना एक गोष्ट चुकवू नका. आत दोन गाभारे आहेत आणि ते एकमेकांच्या समोर आहेत. म्हणजे तुम्ही मंडपाच्या मधोमध उभं राहिलात तर एका हाताला नरसिंह, दुसऱ्या हाताला पृथ्वी उचललेला वराह, आणि कुणाकडं पाठ करायची हा प्रश्न पडतो. माझी आजी मधे आडवी उभी राहायची आणि दोन्हीकडं एक एक हात करायची, आम्ही सगळ्या बहिणी तसंच करतो. बाहेर आल्यावर गावातच जैन बस्ती आहे, मग रामतीर्थाच्या टेकडीवर जायचं. वर देऊळ, पाण्याचं कुंड आणि खाली सगळं हलशीचं शिवार. डबा तिथं खायचा. प्लास्टिक परत न्यायचं, सांगायला लागू नये पण सांगते.

एक बाई म्हणून लिहिते. ह्या वाटांवर मला भीती माणसांची कधी वाटली नाही. शेतात सगळीकडं बायका असतातच, हटकतात, कुणाची गं तू म्हणून विचारतात, आडनाव सांगितलं की नातं काढतात. आपणच आधी बोलायचं, "काकी, रामतीर्थाला ह्याच वाटेनं काय ओ?" की झालं. नंदगडपासनं पूर्वेला, बीडी-कक्केरीकडं गेलात की कानडी जास्त, तिथं "अक्का, दारी यावदू?" (अक्का, वाट कुठली?) एवढं आलं तरी पुरतं. मात्र एकटीनं पश्चिमेच्या जंगलात जाऊ नये, ते जनावरांसाठी.

पुणे_व्हाया_बेळगाव

मस्त धागा! मी मूळचा टिळकवाडीचा, आता पुण्यात. डिसेंबरात सुट्टीला येतोय चार मित्र घेऊन. कॅसलरॉकवरनं रुळावरनं दूधसागर हा ट्रेक ह्यात बसवता येईल का? कॉलेजात असताना सीनियर लोक जायचे.

खानापूरचा_पाऊस

नाही. रुळावरनं चालणं गुन्हा आहे आणि रेल्वे पोलीस आता खरंच पकडतात, २०२३ च्या पावसाळ्यात पोरांना तिथंच उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते, धुक्यात इंजिन दिसत नाही. आणि तो मुलूख उत्तर कन्नडा आणि गोव्याचा आहे, आपल्या वाटेवर येतच नाही. दूधसागर बघायचाय तर गोव्यातनं कुळ्याहून अधिकृत जीपनं जा.

कॅसलरॉक गावच बघा की त्यापेक्षा. १९६१ पर्यंत पोर्तुगीज गोव्याच्या सरहद्दीवरचं हे स्टेशन, कस्टम इथंच व्हायचं. लोंढ्यावरनं गाडीनं जाऊन गावात फिरून परत या.

पुणे_व्हाया_बेळगाव

समजलं, धन्यवाद. मग जांबोटी ते कणकुंबी करतो आम्ही. राहायची सोय?

माळावरचा

थोडं कडू बोलतो. हे सगळं उघड लिहायची गरज काय आहे? चिखले धबधब्याचं काय झालं बघितलंत ना सगळ्यांनी. एक व्हिडिओ फिरला आणि दर रविवारी शंभर गाड्या, बाटल्या, गाणी, मारामाऱ्या, आणि शेवटी वनखात्यानं पावसाळ्यात धबधब्यांवर जायलाच बंदी घातली. आता तिथल्या गावच्या पोराला सुद्धा अडवतात. किटवाड, सुंडीकडं पण तेच व्हायलंय. तुम्ही चांगल्या मनानं लिहिताय पण वाचणारे सगळे तुमच्यासारखे नाहीत. वाटा माहीत असणाऱ्यांनी चालाव्यात, बाकीच्यांना माहीत नसलेलंच बरं.

शिवारवाट

माळावरचा, तुमचा राग मला पटतो. चिखल्याचं दुःख मलाही आहे. पण फरक बघा. धबधब्यापर्यंत गाडी जाते, माणूस दहा मिनिटं चालतो, म्हणून तिथं गर्दी. बेळवट्टी ते बैलूर ऊन्हातनं चालायला बाटल्या घेऊन कोण येणार आहे? जो पंधरा-वीस किलोमीटर चालतो तो वाटेतल्या चार गावांत पाणी पितो, चहा पितो, चार माणसांशी बोलतो, तो घाण करत नाही, त्याला करवत नाही.

आणि लपवून ठेवल्यानं वाट टिकत नाही हो. वाट वहिवाटीनं टिकते. माझ्या माहितीतली एक पाणंद दोन्ही बाजूंच्या शेतांनी खात खात आता एका फुटावर आलीय, बैलगाडी जायची तिथनं एकेकाळी. नकाशात पाणंद आहे, जमिनीवर नाही. कुणी चालत असतं तर ती अशी गेली नसती. तरी तुमचं ऐकून एवढं करू, पाण्याच्या जागा, कुंडं, गुहा, जनावरांच्या जागा इथं लिहायच्या नाहीत. गाव ते गाव एवढंच.

माळावरचा

गाव ते गाव असेल तर माझी हरकत नाही. मग मी बैलूर भागात विचारून सांगतो, तिथं माझे सोयरे आहेत.

सातबारा_आणि_नकाशा

नकाशाचा विषय निघाला म्हणून लिहितो. फोनमधल्या नेहमीच्या नकाशात आपल्याकडच्या पायवाटा जवळपास नाहीतच, तो तुम्हाला डांबरीवरनंच फिरवतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कुणीही वाट भरू शकतं. आपण चालताना फोनवर ट्रॅक रेकॉर्ड करायचा, घरी येऊन त्यावरनं रेघ ओढायची आणि गावाची, ओढ्याची, देवळाची नावं मराठी आणि कानडी दोन्हीत टाकायची. मी हलशी-नंदगडचा भाग टाकायला घेतलाय. सर्वे ऑफ इंडियाच्या टोपोशीट पण २०१७ पासनं त्यांच्या पोर्टलवरनं फुकट उतरवता येतात, त्यात तुटक रेघेनं दाखवलेल्या पायवाटा आहेत. जुन्या आहेत, अर्ध्या आज सापडणार नाहीत, पण खिंड कुठं आणि ओढा कुठं ओलांडायचा ते बरोबर कळतं. जमीन तर तीच आहे.

फोनचं आणखी एक. सीमेवर फोन सारखा टॉवर बदलतो, रेंज शोधून शोधून बॅटरी खातो. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि चालताना एअरप्लेन मोड लावा, जीपीएस चालतं.

रताळी_राकसकोप

ह्या धाग्यात अजून कुणी लिहिलं नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे: करंटच्या तारा. रानडुकरांसाठी काही लोक शेताभोवती उघडी तार ओढून त्यात थेट लाईन सोडतात. बेकायदा आहे, माणसं मेलीत, जनावरं मेलीत, तरी चालतंय. जुलै ते नोव्हेंबर, मका, ऊस आणि रताळ्याच्या शेताजवळनं जाताना पहाटे आणि अंधार पडल्यावर शिवारातली वाट घ्यायचीच नाही. दिवसा पण गुडघ्याखाली ओढलेली बारीक तार दिसली, बांबूच्या खुंट्यांना, तर पाय टाकून बघू नका, वळसा घाला. झटका मशीनची तार वेगळी असते, तिच्यावर बोर्ड नाहीतर रंगीत पट्टी बांधलेली असते, पण ती पण ओलांडू नका.

दुसरं, गोचीड. तिच्यामुळं होणारा माकडताप गोव्यातल्या सत्तरी आणि दोडामार्ग भागात होऊन गेलाय, आपलं जंगल त्याला लागूनच आहे. जानेवारी ते मे पालापाचोळ्यात बसायचं नाही, पूर्ण पँट मोज्यात खोचायची, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग नीट बघायचं. कुठं माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवायचं. चालून आल्यावर ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगायचं.

माघवारी

राम कृष्ण हरी. मी ट्रेक वगैरे करत नाही पण चालणं आमच्या रक्तात आहे म्हणून दोन शब्द. आपल्या भागातनं पंढरपूरला पायी दिंड्या जातात, चैत्रात सासनकाठ्या घेऊन जोतिबाला चालत जातात, बैलगाड्या सजवून सौंदत्तीला यल्लमाला जातात. लांबची चाल काय असते हे आपल्या भागाला नव्यानं शिकायचं नाही. ह्या पोरांना उपयोगी पडेल ते सांगतो.

पहिल्या दिवशी कमी चालायचं. सगळे उलटं करतात, अंगात दम असतो म्हणून पहिल्याच दिवशी तीस किलोमीटर मारतात आणि दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाही. दिंडीत पहिला मुक्काम मुद्दाम जवळ असतो. नवे बूट घालून यायचं नाही. पाऊल कुठं गरम लागायला लागलं की तिथल्या तिथं थांबायचं, दिंडी पुढं गेली तरी चालेल, मोजा काढून खोबरेल लावायचं, नाहीतर फोड येतो आणि मग तो तीन दिवस बोलतो. फोड आला तर फोडायचा नाही. रात्री मिठाच्या कोमट पाण्यात पाय, आणि झोपताना पाय थोडे वर, पिशवीवर ठेवून. खायला दही-भात आणि नाचण्याची आंबील, त्यानं उन्हात जेवढा टिकाव लागतो तेवढा त्या पुड्यातल्या पावडरीनं लागत नाही. पहाटे चारला उठून दहाच्या आत निम्मं अंतर संपवायचं, पण वर लिहिलंय ते वाचलं, जंगलपट्ट्यात तसं चालणार नाही, तिथं उजाडल्यावरच निघा.

राहायचं विचारलंय वर कुणी तरी. गावात पोचलात की आधी देवळात जायचं, पुजाऱ्याला किंवा कमिटीच्या माणसाला विचारायचं, आम्ही इतकेजण, इथनं आलो, तिथं जाणार, रात्र काढू का. बहुतेक वेळा होकार मिळतो. जेवणाचं आधी फोन करून सांगितलं तर कुणीतरी घरात करून देतं, त्याचे पैसे नको म्हटले तरी द्यायचे, तांदूळ-गूळ काहीतरी ठेवून यायचं. देवळात राहिलात तर मांस-मच्छी-दारू नाही. सकाळी निघताना झाडून निघायचं. एवढं केलंत की पुढच्या वेळी तुमच्या मागनं येणाऱ्यांनाही दार उघडं राहतं.

चंदगडी_काजू

माघवारी, नमस्कार. तुमचं वाचून कणकुंबीची माउली आठवली. कणकुंबीला दर बारा वर्षांनी माउलीची मोठी यात्रा भरते, आसपासच्या गावांतल्या माउली तिच्या भेटीला जातात, आमच्या चंदगडकडची कोदाळीची माउली, तिकडची चिगुळ्याची. देवी पालखीत आणि माणसं चालत, डोंगरातनं, ह्या राज्यातनं त्या राज्यात. म्हणजे शिवारवाट, तुम्ही शोधताय त्या पट्ट्यात कोदाळी ते कणकुंबी ही वहिवाटीची वाट आहेच आहे. त्या पालखीबरोबर गेलेली माणसं गावात आहेत. तुमच्या मोठ्या वाटेला हा एक दुसरा फाटा धरा, तिलारीनगरकडनं येणारा. आणि पुढं कुणाला हौस असेल तर रामघाट, बेळगावचा माल पूर्वी वेंगुर्ल्याच्या बंदराला ज्या घाटानं उतरायचा तो, आणि पारगड. पारगडावर रायबा मालुसरे किल्लेदार होते, तानाजीरावांच्या वंशातली घरं अजून गडावर नांदतात. तिकडचं मी सविस्तर वेगळं लिहितो, हत्तींमुळं सध्या त्या बाजूला गावातला माणूस बरोबर घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये.

शिवारवाट

हे फार मोलाचं दिलंत. पालखीची वाट म्हणजे चढ बेताचा आणि पाणी जवळ असणार, खांद्यावर देवी घेऊन कुणी कड्यानं जात नाही. कोदाळीत कुणाला भेटायचं ते व्यक्तिगत निरोपात सांगा, इथं नावं-नंबर टाकायचे नाहीत.

पुणे_व्हाया_बेळगाव

एक प्रश्न राहिला. सीमेचा काही त्रास? मागं बस बंद झाल्या होत्या तेव्हा मी कोल्हापुरात अडकलो होतो.

नंदगडची_लेक

चालणाऱ्याला सीमा कुठं दिसते. एका शेताचा बांध इकडं, दुसरा तिकडं. माणसं तीच, सण तेच. बसचं मात्र खरं आहे, वातावरण तापलं की आधी दोन्हीकडच्या बस थांबतात, २०२२ च्या डिसेंबरात तसंच झालं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पेपर बघायचा आणि परतीचा शेवट शक्यतो ज्या राज्यातनं निघालात तिथंच ठेवायचा. बाकी काही नाही.

माळावरचा

बैलूरला बोलणं झालं. सोयऱ्यांचे वडील, वय ऐंशीच्या घरात, अजून खुराड्याचं दार स्वतः लावतात आणि गुरं ओळखतात. ते म्हणाले बेळवट्टीकडनं येणारी जुनी गाडीवाट अर्धी शाबूत आहे, मधे काजूची बाग झालीय, बागेच्या वरच्या अंगानं कुंपणाला लागून जायला वाट सोडलीय मालकानं. बागेत शिरायचं नाही, काजू लागलेले असताना तर अजिबात नाही. पुढं ओढ्यावर पूर्वी लाकडी साकव होता तो गेला, आता दगडांवरनं ओलांडतात, डिसेंबरनंतर पाणी नसतंच. जांबोटीकडच्या अंगाला मात्र वाट रानात गेलीय, ते स्वतः पोराला बरोबर देऊन दाखवायला तयार आहेत. कोयता घेऊन या म्हणाले, झाडं तोडायची नाहीत, फक्त घाणेरी बाजूला करायची.

शिवारवाट

माळावरचा, काय बोलू, ह्याचसाठी धागा काढला होता.

तर ठरवूया. डिसेंबरातला दुसरा रविवार. बेळवट्टी ते बैलूर एवढाच टप्पा, संध्याकाळच्या आत परत. सकाळी साडेसातला बेळवट्टीच्या बसस्टॉपवर, उजाडलेलं असेल. जास्तीत जास्त दहा माणसं, त्याच्यावर नको, वाटेवरच्या बागवाल्याला त्रास. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, दोन लिटर पाणी, भाकरी-पिठलं ज्याचं त्यानं. सातबारा_आणि_नकाशा, तुम्ही ट्रॅक रेकॉर्ड करणार का? आजोबांशी बोलताना मी वहीत लिहून घेईन, वाटेवरच्या प्रत्येक टेकाडाला आणि ओढ्याला ते काय म्हणतात ते. पुणेकर, तुमच्या तारखा जुळत असतील तर तुम्ही चौघंही या, जांबोटी-कणकुंबी त्यानंतर दोन दिवसांनी करा.

येणाऱ्यांनी खाली नाव नोंदवा. जांबोटीकडच्या तुकड्याचं आजोबांना भेटल्यावर ठरवू.

सातबारा_आणि_नकाशा

येतोय. ट्रॅक माझ्याकडं लागला, पॉवर बँक आणतो.

नंदगडची_लेक

मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी. पिठलं सगळ्यांना पुरेल एवढं आणते, भाकऱ्या आपापल्या.

चंदगडी_काजू

मी तुडयेवरनं गाडीनं बेळवट्टीला येतो. शिवारवाट धरून पाच झाले, अजून पाच जागा.

माळावरचा

माझी एक धरा. चार राहिल्या.